सांध्याची गोष्ट : भूकंप, लोखंडी सांगाडा आणि आपली नवी लिफ्ट

(रौप्यमहोत्सवी समारंभात सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



मला कमिटीने वीस मिनिटं दिली आहेत. एरवी मला हिशेबावर बोलायला सांगतात. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय येणार, असा समज असतो, आणि तो फारसा चुकीचा नाही. पण आज मी विषय मागून घेतला. पुढच्या महिन्यातल्या विशेष सर्वसाधारण सभेत आपल्याला लिफ्टचं कोटेशन मंजूर करायचं आहे. त्या दोन कोटेशनांमधला फरक कशात आहे, हे सगळ्यांना कळावं, एवढ्यासाठी हे भाषण. समारंभाचा दिवस आहे, पेढे वाटून झालेत, तरी हाच दिवस निवडला, कारण सभेला निम्मेच लोक येतात आणि आज सगळे आले आहेत.

आपली सोसायटी २००१ साली रजिस्टर झाली. तळमजला अधिक चार, वीस फ्लॅट, लिफ्ट नाही. तेव्हा आपण पंचेचाळीस-पन्नाशीतले. बहात्तर पायऱ्या भाजीची पिशवी घेऊन चढून जायचो. आज चौथ्या मजल्यावरच्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाच महिने खाली उतरलेल्या नाहीत. त्या आजही वर गॅलरीत बसून ऐकत आहेत. काकू, आवाज येतोय ना? तर लिफ्ट हवी, याबद्दल कोणाचं दुमत नाही. आतून जिना तोडून लिफ्ट बसवायला जागा नाही, म्हणून इमारतीच्या बाहेर लोखंडी सांगाड्याचा टॉवर उभा करायचा आणि त्यातून लिफ्ट न्यायची, असं ठरलं.

दोन कोटेशन आली. दोघांचं लोखंड जवळपास सारखं, लिफ्टची केबिन सारखी. तरी दुसरं कोटेशन एक लाख ऐंशी हजारांनी जास्त. म्हणजे फ्लॅटमागे नऊ हजार. मी दोघांना लेखी विचारलं, फरक कशाचा? पहिल्याकडून उत्तर आलं, "आम्ही सगळं वेल्डिंगने पक्कं करतो, भिंतीत फास्टनर मारतो, हलणारच नाही." दुसऱ्याने एक ड्रॉइंग पाठवलं. त्यात टॉवरचा प्रत्येक सांधा वेगळा काढला होता : कुठला ताठ, कुठला थोडा सरकणारा, कुठला बोल्ट किती जाडीचा. जास्तीचे पैसे त्या सांध्यांचे होते. तिथून मी आपल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या मागे लागलो, पुस्तकं चाळली, आणि दोन महिन्यांत जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो. मी इंजिनिअर नाही. पण कर्ज मंजूर करताना आम्हीही धंदा चालवत नव्हतो, फक्त योग्य प्रश्न विचारत होतो. तेवढं मला जमतं.

आधी सांगाडा म्हणजे काय ते बघू. उभे खांब, आडव्या तुळया, आणि ते जिथे भेटतात तो सांधा. काळा घोड्याजवळ जुन्या वॉटसन हॉटेलची इमारत आहे. १८६० च्या दशकातली. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुट्या भागांत जहाजाने मुंबईला आणला आणि इथे जोडला. म्हणजे खांब-तुळया तिकडच्या, पण इमारत झाली ती इथल्या जोडणीने. नोकरीत असताना कर्जाच्या तपासणीसाठी मी भांडुप-मुलुंडच्या बऱ्याच फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलोय. तिथला एक जुना फॅब्रिकेटर मला म्हणाला होता, "साहेब, लोखंड सहसा तुटत नाही, जोड तुटतो." तेव्हा मी ते वाक्य नुसतं ऐकून घेतलं होतं.

सांधे ढोबळमानाने तीन प्रकारचे. एक बिजागरीसारखा. तो खांबाला तुळई धरून ठेवतो, पण वळू देतो. दुसरा पूर्ण ताठ. खांब आणि तुळई यांच्यातला काटकोन काही झालं तरी काटकोनच राहिला पाहिजे. आणि तिसरा या दोघांच्या मधला, म्हणजे धरतोही आणि थोडा वळतोही. कागदावर इंजिनिअर पहिले दोन काढतात, पण प्रत्यक्षात बहुतेक बोल्टचे सांधे थोडेफार तिसऱ्याच जातीचे असतात. लोखंडी बांधकामाच्या आपल्या भारतीय संहितेत, आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत, सांध्यांची ही वर्गवारी दिलेली आहे.

घरी करून बघा. चार पट्ट्या घ्या, चार कोपऱ्यांत एकेक टाचणी मारून चौकोन करा. बाजूने ढकला. चौकोन लगेच तिरका होऊन आडवा पडतो. आता त्यात एक तिरकी पट्टी लावा. त्रिकोण झाला, हलत नाही. किंवा तिरकी पट्टी न लावता चारही कोपरे फेविकॉलने घट्ट चिकटवा, तरी तो उभा राहतो. बाजूच्या धक्क्याला तोंड द्यायचे हेच दोन मार्ग : तिरका आधार किंवा ताठ कोपरा. तिसरा नमुना आपण दर गणपतीत बघतो. मांडवाचे बांबू काथ्याने बांधलेले असतात. वाऱ्याने मांडव करकरतो, हलतो, पण गाठ सुटत नाही तोवर पडत नाही. उंच इमारतीच्या परांचीचंही तेच. पण त्या मांडवाला चार तिरके वासे नसतील तर तो हलता-हलता झुकेल आणि मग सावरणार नाही, हेही मंडळाच्या पोरांना माहीत असतं.

आता भूकंप. भूकंपात इमारतीला कोणी ढकलत नाही, खालची जमीन हलते. आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. सकाळच्या लोकलमध्ये उभे असता, गाडी सुटते, पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि वरचं अंग मागे राहतं. गुडघे ताठ ठेवून उभा राहिलेला माणूस शेजाऱ्याच्या अंगावर जातो. गुडघे किंचित वाकवलेला माणूस सावरतो. पण गुडघे इतकेही ढिले नकोत की पहिल्याच धक्क्याला खाली बसाल. इमारतीचे सांधे म्हणजे हे गुडघे. त्यांनी थोडं वाकावं, वाकताना धक्क्याची ताकद खाऊन टाकावी आणि तुटू नये. या गुणाला चिवटपणा म्हणू. नुसत्या मजबुतीपेक्षा तो वेगळा. काचही मजबूत असते, पण चिवट नसते.

मुंबईला याची गरज काय, असं कोणी विचारेल. २०१६ च्या भारतीय भूकंप संहितेप्रमाणे मुंबई आणि ठाणे झोन ३ मध्ये येतात, म्हणजे मध्यम धोका. कोयना झोन ४, भुज झोन ५. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. त्याचा हादरा मुंबईत जाणवला. आम्ही तेव्हा दादरला लाकडी चाळीत राहत होतो. मला आठवतो तो आवाज : फळीवरची भांडी वाजली, आणि त्याहून मोठ्याने चाळीचे लाकडी सांधे करकरले. वडील म्हणाले, "करकरू दे, बोलतंय म्हणजे धरून आहे." आज कळतं, त्या सांध्यांच्या घासण्यातच धक्क्याचा काही भाग जिरत होता.

दुसरा भूकंप किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास. हजारो माणसं झोपेत गेली. तेव्हाच्या नकाशात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता! नंतर २००२ च्या आवृत्तीत तो झोन ३ मध्ये आला. त्या भागातली जुनी घरं तुमच्यापैकी मराठवाड्याच्या मंडळींना माहीत असतील. आत लाकडी खांब आणि तुळयांचा खण, वर मातीचं जाड माळवद, आणि भोवती दोन-दोन फूट जाडीच्या मातीत रचलेल्या दगडी भिंती. भिंती आतून-बाहेरून दोन थरांच्या, पण त्या थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. कोपऱ्यात एक भिंत दुसरीला बांधलेली नव्हती. भिंती फुगून कोसळल्या. काही घरांत भिंती पडल्या आणि आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. नंतर घरं पक्की करायचे जे उपाय तज्ज्ञांनी सांगितले, ते बघा : भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे घाला, घराभोवती पट्टा बांधा, आणि लाकडी खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके आधार लावा. सगळे उपाय सांध्याचे. दगड तोच, लाकूड तेच.

तिसरा, आपल्या सोसायटीच्या जन्मवर्षातला. २६ जानेवारी २००१, झेंडावंदनाची वेळ, पावणेनऊ. भुजचा भूकंप. मुंबईतही पंखे हलले होते, अनेकांना आठवत असेल. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथे आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांच्या बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच खाली पार्किंगसाठी मोकळ्या होत्या. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठपणा आणि खाली नुसते खांब. सगळं वाकणं त्या खालच्या खांबांच्या टोकांवर आलं. आणि तिथे, जिथे खांब तुळईला भेटतो, रिंगा विरळ आणि त्यांची टोकं नुसती काटकोनात दुमडलेली. धक्का बसला की काँक्रीटचं आवरण उडतं, रिंग उघडते आणि आतल्या उभ्या सळया बाहेर फुगतात. म्हणून आपली चिवट बांधणीची संहिता, आयएस १३९२०, सांगते की रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवा, म्हणजे ते काँक्रीटच्या पोटात रुतून राहील. ही संहिता १९९३ ची. पण सुरुवातीला झोन ३ मधल्या पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या रहिवासी इमारतींना ती लागू नव्हती. भुजनंतर, २००२ मध्ये लागू झाली. आपली इमारत त्याआधीची. हे घाबरवायला सांगत नाही. आपल्या खांबांच्या डोक्याशी कोणीही छिन्नी लावू नये, एवढ्यासाठी सांगतो.

"ते आरसीसी झालं, आपला टॉवर तर लोखंडी, लोखंड चिवटच असतं," असं पहिल्या कोटेशनवाल्यांचं म्हणणं. यासाठी थोडं अमेरिकेत जाऊ. तिथे १७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिसच्या उपनगरात, नॉर्थरिजला, ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या इंजिनिअरांचा विश्वास होता की लोखंडी सांगाड्याचे वेल्डिंगने जोडलेले ताठ सांधे सर्वांत भरवशाचे. खांब आणि तुळई दोन्ही लोखंड, लोखंड वाकेल पण तुटणार नाही. भूकंपानंतर या इमारती बाहेरून जवळजवळ धडधाकट दिसत होत्या. पण आतली फॉल्स सीलिंग आणि आगीपासून बचावाचं आवरण काढून बघितलं, तर शंभराहून जास्त इमारतींत सांध्याच्या वेल्डला तडे! मुख्यतः तुळईची खालची पट्टी खांबाला जिथे जोडली होती तिथे, आणि काही ठिकाणी तडा खांबातच शिरलेला. यांतली एकही इमारत पडली नाही, हे महत्त्वाचं. पण ज्या जागी लोखंड वाकायला हवं होतं, त्या जागी ते काचेसारखं तडकलं. बरोबर एका वर्षाने, १७ जानेवारी १९९५ ला, जपानमध्ये कोबेला भूकंप झाला आणि तिथेही लोखंडी सांध्यांत तडे सापडले.

कारणं काय निघाली? वेल्डचं धातूच पुरेसं चिवट नव्हतं. वेल्ड करताना खाली लावलेली पट्टी तशीच राहून तिथे चिरेसारखी खाच उरत होती. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे सगळा ताण नेमका सांध्याच्या तोंडाशी, वेल्डवरच, येत होता. तुळईला वाकायला जागाच नव्हती. मग त्यांनी एक उपाय काढला, तो मला फार आवडला. खांबापासून थोड्या अंतरावर तुळईच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी गोलाकार कापून थोड्या अरुंद करायच्या. म्हणजे मुद्दाम एक अशक्त जागा ठेवायची. भूकंप आला की तुळई तिथे वाकेल आणि वेल्ड वाचेल. आपल्या घरातला विजेचा फ्यूज असाच असतो. जळायचं तर त्याने जळावं, मीटर वाचावा. कुठे वाकायचं ते आपण आधी ठरवायचं, भूकंपावर सोडायचं नाही.

आता कोणी म्हणेल, मग सगळेच सांधे लवचिक करा! तेही चालत नाही. प्रत्येक इमारतीची झोपाळ्यासारखी आपली एक लय असते. सांधे मऊ केले की लय संथ होते. कठीण जमिनीवर त्याचा बहुधा फायदा होतो, इमारतीत येणारं बळ कमी होतं. पण हलण्याचं अंतर वाढतं. इमारत जास्त बाहेर झुकली की तिचं स्वतःचं वजनच तिला आणखी झुकवतं. शिवाय जमीन मऊ असेल तर जमिनीची लयही संथ असते, आणि दोघींची लय जुळली की झोपाळ्याला कोणी वेळेवर झोका देत राहावं तसं होतं. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको शहरात हेच झालं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब, पण शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या गाळावर. तो गाळ साधारण दोन सेकंदांच्या लयीत हलला आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचं सर्वांत जास्त नुकसान झालं. आपण मुलुंड पूर्वेला राहतो. मिठागर रोड हे नाव उगाच पडलेलं नाही, पलीकडे मिठागरं आणि खाडी आहे. आपल्या प्लॉटखाली भराव किती आणि मुरूम कुठे लागतो, हे टॉवरचा पाया काढायच्या आधी माती तपासूनच कळेल. पहिल्या कोटेशनमध्ये माती तपासणी नाही.

थोडा हिशेब करतो, सवय जात नाही. संहितेत लयीचा एक अंदाजी फॉर्म्युला आहे. पंधरा मीटर उंचीच्या नुसत्या आरसीसी सांगाड्याचा एक झोका सुमारे ०.५७ सेकंदांचा येतो आणि तेवढ्याच उंचीच्या ताठ सांध्यांच्या लोखंडी सांगाड्याचा ०.६५ सेकंदांचा. आपली इमारत भिंतींनी भरलेली, म्हणून तिचा झोका याहूनही जलद. आपला टॉवर या फॉर्म्युल्यात तंतोतंत बसत नाही, पण मुद्दा कळावा म्हणून आकडे दिले. पाच सेकंदांत एक पावणेनऊ झोके घेईल, दुसरा पावणेआठच्या आत. म्हणजे काही क्षणांत एक उजवीकडे आणि दुसरा डावीकडे. दोघांमध्ये अंतर कमी असेल तर ते एकमेकांवर आपटतात. संहिता सांगते की ठरलेल्या भूकंप-बळाखाली एका मजल्याचं सरकणं मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटीहून जास्त नको. तीन मीटरला १२ मिलिमीटर. पाच मजल्यांचं मिळून ६० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच इंच. आणि मोठ्या धक्क्यात खरं हलणं याहून जास्त असतं.

आता आपला टॉवर. उंची वरच्या मशीनसकट साधारण अठरा मीटर आणि रुंदी जेमतेम दोन मीटर. म्हणजे काठीच. ती एकटी उभी ठेवली तर फार डोलेल आणि लिफ्टचे रूळ वाकतील, म्हणून ती इमारतीला धरायलाच हवी. प्रश्न कशी धरायची हा. आपल्या इंजिनिअरांनी मला ड्रॉइंगवर बोट ठेवून समजावलं, ते असं.

टॉवर प्रत्येक मजल्याला इमारतीच्या बीमला धरायचा, विटांच्या भिंतीला कधीच नाही. भिंतीतला फास्टनर धक्क्यात विटेसकट बाहेर येतो. बीममध्ये भोक पाडण्याआधी आत सळई कुठे आहे ते यंत्राने बघायचं, सळई कापायची नाही.

सांधा आडवा धरेल, पण उभा सरकू देईल. कारण नवा पाया पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडा खचतो. आपली इमारत पंचवीस वर्षांत खचून स्थिर झालेली. सगळं वेल्डने पक्कं केलं तर टॉवर खाली जाताना आपल्या बीमला लटकेल. म्हणून जोडपट्टीत बोल्टसाठी गोल भोक न ठेवता उभं लांबट भोक ठेवायचं. बोल्ट त्यात वर-खाली सरकेल, बाजूला हलणार नाही. त्या नऊ हजारांत हे लांबट भोकसुद्धा आलं!

लिफ्टमधून आपल्या पॅसेजमध्ये यायची जी लोखंडी पट्टी असेल, ती एका बाजूला बोल्टने पक्की आणि दुसऱ्या बाजूला नुसती टेकलेली, पण भरपूर आत टेकलेली. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या पुलावरून जाताना गाडी ठराविक अंतराने धडधडते ना, तिथेही पुलाला हलायला अशीच जागा ठेवलेली असते.

टॉवरच्या स्वतःच्या सांगाड्यात मात्र ढिलाई नको. तिथे तिरके आधार, म्हणजे मघाचे त्रिकोण, आणि त्यांची टोकं पुरेशा जाड गसेट प्लेटला. तिरक्या अँगलपेक्षा त्याचा जोड कमजोर असता कामा नये. अँगल ताणला गेला तर चालेल, जोड उपटला गेला तर नाही. महत्त्वाचं वेल्डिंग वर्कशॉपमध्ये करायचं आणि जागेवर शक्यतो बोल्ट मारायचे. पावसात शिडीवर लटकून केलेल्या वेल्डची खात्री कोण देणार?

शेवटचं, टॉवर इमारतीच्या एका टोकाला येतोय. दाराच्या कडेला ओझं टांगलं की दार ओढलं जातं, तसा धक्क्यात इमारतीला थोडा पीळ पडू शकतो. तो आपले जुने खांब सोसतील का, हे इंजिनिअरांनी हिशेब करून, सही करून दिलं पाहिजे. हा कागद फाईलला लागल्याशिवाय ॲडव्हान्सचा चेक काढू नये, असं माझं मत आहे.

मला विचाराल तर मी दुसऱ्या कोटेशनच्या बाजूने आहे. नऊ हजार ही काहींसाठी लहान रक्कम नाही, हे मी जाणतो. निवृत्तिवेतनावर घर चालवणारे आपल्यात बरेच आहेत. म्हणून कमिटीला माझी सूचना आहे की फरकाची रक्कम सहा महिन्यांच्या हप्त्यांत घ्यावी. सिंकिंग फंडाला हात न लावता हे जमतं, मी आकडेमोड करून दिली आहे.

लिफ्टपलीकडचं एक सांगतो. २५ जुलै २०१७ ला घाटकोपर पश्चिमेला सिद्धी साई नावाची चार मजली इमारत भर सकाळी कोसळली. सतरा माणसं गेली. त्या दिवशी भूकंप नव्हता. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. ती इमारत आपल्यापासून फार तर बारा-तेरा किलोमीटरवर होती, याच एलबीएस मार्गावर. आपल्याकडे गेल्या दोन-तीन वर्षांत पाच फ्लॅटचं रिनोव्हेशन झालं. एसीच्या पाइपसाठी, लपवलेल्या वायरिंगसाठी, मोठ्या खिडकीसाठी कुठे काय फोडलं गेलं, याची नोंद आपल्याकडे नाही. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायचं असतं. आपलं पुढचं ऑडिट लिफ्टच्या कामाआधीच करून घेऊ. त्यात पार्किंगमधल्या खांबांची वरची आणि खालची टोकं नीट बघायला सांगू. तिथे प्लास्टर सुटलंय, गंजाचे डाग दिसतात. मुलांनो, तुम्ही गाडी लावताना रोज बघता, ते फोटो काढून सेक्रेटरीसाहेबांना पाठवा. आणि फ्लॅटचं काम काढणाऱ्याने खांब, तुळई आणि त्यांचा सांधा यांपासून छिन्नी लांब ठेवावी. विटेची भिंत पाडायची असली तरी आधी विचारावं. कारण मघाशी बघितलं, भिंतींचाही इमारतीच्या ताठपणात वाटा असतो.

आणि लिफ्ट आल्यावरही भूकंपाचा हादरा जाणवला तर लिफ्टने उतरायचं नाही. टेबलाखाली किंवा आतल्या भिंतीशी थांबायचं, हलणं थांबल्यावर जिन्याने उतरायचं. काकूंना उतरवायला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची दोन धडधाकट पोरं लागतील. त्यांची नावं मी आजच लिहून घेतोय.

दोन्ही कोटेशन, सांध्यांचं ड्रॉइंग आणि मी काढलेली पाच प्रश्नांची यादी उद्यापासून नोटीस बोर्डावर लावलेली असेल. ड्रॉइंग समजलं नाही तर संध्याकाळी सहा ते सात मी खाली बाकावर असतो, या. सभेला मात्र सगळ्यांनी या. कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबायची वेळ या वेळी तरी येऊ नये.

वेळ थोडा जास्त घेतला.  आता जेवणाची तयारी झालेली दिसते. चौथ्या मजल्यावरचं काकूंचं ताट कोणीतरी आधी वर पोचवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.